पावले, वाट आणि क्रियापद

इंग्रजी गद्याच्या मराठी भाषांतराची चर्चा निघाली की मराठीच्या शब्ददारिद्र्याचा एक पुरावा हमखास पुढे केला जातो. इंग्रजीत पायी जाण्यासाठी स्ट्रोल, सॉन्टर, ट्रज, प्लॉड, स्ट्राइड, शफल अशी क्रियापदांची रांग उभी आहे. मराठीत मात्र एक ‘चालणे’ आणि त्याला टेकू म्हणून लावलेली क्रियाविशेषणे. हा पुरावा तपासणे आवश्यक आहे, कारण त्यावरून काढलेला निष्कर्ष शब्दकोशापुरता राहत नाही. मराठी कथनगद्याच्या मूल्यमापनातही तो नकळत शिरतो.

इंग्रजी क्रियापदांचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. ‘ट्रज’मध्ये थकवा आणि वाटेची दीर्घता एकवटते, ‘प्लॉड’मध्ये एकसुरी चिकाटी, ‘स्ट्राइड’मध्ये लांब टांगांबरोबर आत्मविश्वास. ‘सॉन्टर’ करणाऱ्याला घाई नसते आणि ती नाही हे दिसावे, असेही त्याला बहुधा वाटत असते. सोस्यूरच्या परिभाषेत सांगायचे तर शब्दाचे मूल्य शेजारच्या शब्दांवरून ठरते. या रांगेमुळे इंग्रजीतील साध्या ‘वॉक’लाही अर्थ येतो: लेखकाने इतर पर्याय बाजूला ठेवले आहेत, असा. मराठी ‘चालणे’ला असे शेजारी थोडे. म्हणून ‘वॉक’ आणि ‘चालणे’ हे कोशात समानार्थी असले तरी संहितेत समान नसतात.

हा भेद शब्दसंख्येचा नसून संरचनेचा आहे. लेनर्ड टाल्मी यांनी १९८५च्या आणि १९९१च्या लेखनात भाषांचे दोन प्रकार दाखवले. काही भाषा गतीचा मार्ग मुख्य क्रियापदात ठेवतात, तर काही तो क्रियापदाबाहेरच्या अव्ययांवर सोपवतात आणि मोकळ्या झालेल्या क्रियापदात गतीची रीत भरतात. इंग्रजी दुसऱ्या प्रकारची. मराठी बव्हंशी पहिल्या. शिरणे, निघणे, चढणे, उतरणे, ओलांडणे ही मराठीची मुख्य क्रियापदे होत. ‘तो लंगडत खोलीत शिरला’ हे मराठी वाक्य. ‘तो खोलीत लंगडला’ याचा अर्थ आत जाणे असा होऊच शकत नाही. डॅन स्लोबिन यांनी १९९६मध्ये इंग्रजी व स्पॅनिश कादंबऱ्यांची भाषांतरे तपासली. इंग्रजीतील चालीचा तपशील स्पॅनिशमध्ये जवळजवळ निम्माच उतरतो आणि उलट दिशेने येताना इंग्रजी भाषांतरकार मुळात नसलेली भरही घालतात, असे त्यांना आढळले.

मराठीत चालीचा तपशील राहतो तो कृदन्तांत आणि अनुकरणवाचक शब्दांत. ‘तरातरा’ निघून जाणाऱ्याचा राग वेगळा सांगावा लागत नाही. ‘झपाझप’मध्ये निकड आहे, ‘लुटुलुटु’मध्ये दुबळ्या पायांविषयीचा जिव्हाळा. ‘दुडुदुडु’ हे तान्ह्याचे. ते प्रौढाला लावताच उपहास होतो. हे शब्द घरगुती बोलीचे आहेत, आणि प्रमाण गद्य त्यांना बिचकते. दारिद्र्य असलेच तर ते या संकोचाचे आहे, भाषेचे नव्हे. शिवाय चालीची ही जागा व्याकरणदृष्ट्या ऐच्छिक असते. ती रिकामी ठेवता येते, आणि म्हणूनच ती भरली जाते तेव्हा तो लेखकाचा निर्णय असतो.

मराठीची स्वतःचीही एक श्रेणी आहे. फक्त ती देहाच्या ढबीवरून नव्हे, हेतूवरून लागते. ‘फिरणे’ला निवांतपणा किंवा काम चालते, ‘हिंडणे’ला हेतूची गरज नाही, ‘भटकणे’त ठावठिकाणा किंवा वाट सुटलेली असते, ‘वणवण’ गरजेपोटी होते. इंग्रजी ‘वाँडर’ मधल्या दोघांचे काम एकटेच करते. रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंडला १८६६मध्ये जन्मलेल्या केशवसुतांच्या ‘सतारीचे बोल’मधील खिन्न निवेदक काळोख्या रात्री रस्त्याने हिंडत असतो. तो फिरत असता तर त्याची खंत खोटी वाटली असती. भटकत असता तर तो निराधार ठरला असता. पावलांची मरगळ कवीने क्रियाविशेषणात ठेवली आणि क्रियापदात केवळ निर्हेतुकता. सतारीच्या सुरांनी पुढे ज्या मनाची अवस्था पालटायची, त्याची रिकामी जागा या निवडीनेच तयार होते.

मार्गवाचक क्रियापदांचे महत्त्व याच जिल्ह्याच्या भूरचनेत अधिक स्पष्ट होते. घाट, सडा, उतारावरच्या वाड्या, जांभ्या दगडाची पाखाडी, वहाळ आणि खाडी अशा प्रदेशात सपाट ‘चालणे’ हे अपवादात्मकच. माणूस पाखाडी उतरतो, वहाळ ओलांडतो, घाटी चढतो आणि वाडीत शिरतो. या वाक्यातील चार क्रियापदे म्हणजे चार भूरूपे आहेत. इंग्रजीत येताना ती चार अव्यये होऊन एका क्रियापदाला लटकू शकतात, आणि त्या एका जागी एखादे ‘ट्रज’ घालण्याचा मोह होतो. तसे झाले की वाचकाची नजर वाटेवरून चालणाऱ्याच्या शरीरावर सरकते. प्रदेश मागे पडतो आणि व्यक्ती पुढे येते. श्री. ना. पेंडसे यांची दापोली परिसरातील ‘गारंबीचा बापू’ (१९५२) आणि इयान रेसाइड यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद (१९६८) या दोन संहिता क्रियापदागणिक शेजारी ठेवून वाचण्याजोग्या आहेत, त्या याच प्रश्नासाठी. प्रादेशिक कादंबरीतील प्रदेश हा वर्णनांच्या परिच्छेदांत असतो, तितकाच तो क्रियापदांतही असतो.

तेव्हा भाषांतरकाराने ‘ट्रज’ला मराठी प्रतिशब्द कोणता, असे विचारण्याऐवजी ते ओझे मराठी वाक्याच्या कोणत्या जागी उतरवावे, असे विचारणे अधिक फलदायी ठरेल. ‘पायपीट’, ‘तंगडतोड’, ‘वाट तुडवणे’ हे पर्याय हाताशी आहेतच. कधी नुसते ‘पोचला’ एवढेही पुरते. समीक्षकाची जबाबदारी याहून थोडी अधिक आहे. मराठी निवेदकाने पात्राच्या चालीविषयी मौन पाळले असेल, तर ते मौन उणीव म्हणून नोंदवण्यापूर्वी त्याने वाट किती सांगितली आहे, हे मोजले पाहिजे.