इंजिन मोकळे, डबे कुलपात

आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत रेल्वेचा रूळ नाही. अवसरी बुद्रुकच्या माणसाला गाडी पकडायची तर आधी मंचर, मग एसटीने पुणे. ताशी २०० किलोमीटर वेगाच्या, २३५ किलोमीटर लांबीच्या पुणे–नाशिक मार्गाची आखणी मंचर–नारायणगाववरून झाली होती. ती खोडदच्या रेडिओ दुर्बिणीपाशी अडली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या त्या ३० तबकड्यांना जवळून धावणाऱ्या विजेच्या गाड्यांचा उपद्रव परवडत नाही. अशा मुलखातल्या हौशी पोराला रेल्वे भेटते ती घरच्या संगणकावर, आणि दमडी न मोजता भेटते ती मुक्तस्रोत सिम्युलेटरमध्ये. हे सिम्युलेटर किती पाण्यात आहेत, हे पाहायला आपल्याकडे पक्की कसोटी आहे: बोरघाट.

या घराण्याचा मूळपुरुष मात्र मुक्तस्रोत नव्हता. मायक्रोसॉफ्टचा ‘ट्रेन सिम्युलेटर’ २००१ मध्ये आला. त्यात जगभरचे सहा मार्ग होते, भारतातला एकही नव्हता. पण मार्ग आणि इंजिने स्वतः बनवून जोडायची सोय होती, म्हणून हौशी मंडळींनी त्याला वर्षानुवर्षे जगवले. पुढची आवृत्ती कंपनीने दोनदा हाती घेतली आणि दोनदा सोडली. दुसऱ्यांदा, जानेवारी २००९ मध्ये, ती बनवणारा स्टुडिओच बंद झाला. तेव्हा जुन्या फायली जशाच्या तशा वाचणारा, पण आतून संपूर्ण नवा असा ‘ओपन रेल्स’ स्वयंसेवकांनी लिहून काढला. त्याचा कोड जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुला आहे.

आता घाट. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या या मार्गावर ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने लागतात आणि लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात. ओपन रेल्स इथे मूळ खेळापेक्षा फार पुढे जातो. चाक आणि रूळ यांच्यातली पकड तो हिशोबात धरतो, पावसात ती कमी करतो. जोर जास्त लावला की चाके जागच्या जागी फिरतात. व्हॅक्यूम ब्रेक आणि एअर ब्रेक त्याला वेगवेगळे कळतात, ब्रेक पाइपमधला दाब शेवटच्या डब्यापर्यंत पोचायला लागणारा वेळही कळतो. जड मालगाडी घेऊन घाट उतरताना हात आखडता का घ्यायचा, हे इथे पुस्तकाशिवाय समजते.

बँकरपाशी मात्र त्याची नक्कल लंगडते. खऱ्या घाटात मागच्या इंजिनात वेगळा लोको पायलट असतो. पुढच्याचा आणि त्याचा मेळ बसणे हेच तिथले कसब. सिम्युलेटरमध्ये बहुधा सगळी इंजिने एकाच हाताने चालतात, आणि दोन माणसांचे काम एक कळ होऊन बसते. अनेकांनी मिळून खेळायची सोय आहे, पण घाटातली भागीदारी तिने साधत नाही.

‘ओपनबीव्हीई’ हा दुसरा प्रवाह जपानी हौशींच्या परंपरेतून आलेला. तो लिनक्सवरही चालतो, जुन्या संगणकाला झेपतो आणि त्याचा मार्ग साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिता येतो. लोकलच्या केबिनमध्ये बसून स्टेशनामागून स्टेशन वेळेवर गाठायचे, तर याच्यासारखा दुसरा नाही. पण त्याची मूळ रचना एकाच रुळावरून पुढे जाणाऱ्या गाडीची. घाट उतरणारी गाडी आधी थांबते आणि मगच बेफाम गाडीला रोखणाऱ्या कॅच सायडिंगकडचा फाटा मुख्य मार्गाकडे वळतो; हे नाट्य तिथे बसवणे अवघड. पोलिश मंडळींनी तर ‘माशिना’ हा सिम्युलेटर आपल्याच ईयू०७ या विजेच्या इंजिनाभोवती उभा केला. आपल्या रेल्वेच्या सवयी आपणच कोडमध्ये उतरवल्या की काय मिळते, ते त्यात दिसते.

आपल्याकडे कष्टांची वाण नाही. डब्ल्यूडीएम-३ए, डब्ल्यूएपी-४, डब्ल्यूएपी-७ अशी इंजिने, त्यांचे आवाज, डबल यलो दाखवणारे सिग्नल भारतीय हौशींनी बनवले आहेत. खोट आहे ती मालकीत. यातले बरेच काम फुकट मिळते, पण खुले नसते. ‘बदलू नका, दुसरीकडे देऊ नका’ ही अट सोबत असते. करणाऱ्याला नोकरी लागली, हौस सरली, की मॉडेल जिथल्या तिथे गोठते. त्यातली चूक दिसत असूनही दुसऱ्याने दुरुस्त करायची नाही. इंजिन चालवणारा प्रोग्राम मोकळा आणि त्याला जोडलेले डबे कुलपात, अशी ही विचित्र गाडी आहे.

यावर तोडगा शेजारच्याच खेळाने काढून दाखवला. ‘ओपनटीटीडी’ या वाहतुकीच्या खेळाला सुरुवातीला मूळ विकाऊ खेळातली चित्रे लागायची. स्वयंसेवकांनी चित्रे आणि आवाज नव्याने, मुक्त परवान्याखाली बनवले, आणि २०१० मध्ये १.० आवृत्ती आली तेव्हा तो खेळ स्वतःच्या पायावर उभा राहिला. ओपन रेल्सकडेही आता मूळ खेळाशिवाय चालणारा प्रात्यक्षिक मार्ग आहे. भारतीय रेल्वेच्या बाबतीत ती मजल अजून मारायची आहे.

आणि उशीर करण्यात तोटा आहे. मुंबई–पुणे मार्गावरचा १५०० व्होल्ट डीसी प्रवाह जाऊन २५ हजार व्होल्ट एसी आला. डीसीवर घाट चढवणारी डब्ल्यूसीजी-२ इंजिने इतिहासात जमा झाली. त्यांचा आवाज, त्यांची ओढ ठाऊक असलेली माणसे आज आहेत, तोवरच ती नोंदवता येतील. ती नोंद कुणा एकाच्या हार्ड डिस्कवर राहिली तर पुन्हा हरवेल.

म्हणून आणखी एक चकचकीत डब्ल्यूएपी-७ नको. कर्जत–लोणावळा हा जेमतेम २८ किलोमीटरचा टप्पा, एक बँकर जोडी, एक मालगाडी आणि सिग्नलांचा एक संच, एवढेच पण पूर्णपणे मुक्त परवान्याखाली हवे. उंचीची उपग्रह-माहिती खुली आहे, नकाशे खुले आहेत, मार्ग बांधायचे ‘टीएसआरई’ हे साधनही खुले आहे. अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या चार विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून पेलेल असे हे काम आहे. ते झाले, की त्याच सिग्नलांवर आणि डब्यांवर मंचरवरून जाणारा, कागदावरच राहिलेला नाशिकचा मार्गही कुणालाही बांधून पाहता येईल, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागणार नाही.