मर्ढेकरांचें यंत्र आणि आपलें

बाळ सीताराम मर्ढेकर यांचा 'कांहीं कविता' हा संग्रह १९४७ सालीं प्रसिद्ध झाला. तो पिंपरी-चिंचवडच्या विद्यार्थ्यांसमवेत पुन्हां वाचीत असतां एकानें आम्हांस विचारलें, "सर, वडील चाकणहून पाळी करून येतात व स्वस्थ झोपतात. मी दिवसभर नुसता मोबाइल पाहतों. मग मी कां थकतों?" मर्ढेकरांच्या काव्यांत या प्रश्नाचें उत्तर आहे काय, हें पाहणें अगत्याचें वाटतें.

अर्धें उत्तर आहे. यंत्रयुगांत माणसाची मुंगी होते, ही जाणीव त्यांनीं मराठी काव्यास दिली. ओवी-अभंगांच्या जुन्या वळणांत त्यांनीं शहरी, यांत्रिक शब्द बसविले. त्या विसंगतीनें वाचक दचकतो, आणि दचकणें हीच त्या काव्याची खरी कमाई होय.

परंतु त्यांचें यंत्र माणसाच्या बाहेर उभें आहे. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढें मोटारींचे व दुचाकींचे कारखाने निघाले आणि उद्योगांची वस्ती चाकणपर्यंत पसरली. कारखान्याचा भोंगा कठोर खरा. पण काम संपल्याचेंहि तोच सांगे. हातांतल्या यंत्रास असा भोंगा नाहीं. एक मजकूर संपतो न संपतो तोंच दुसरा पुढें येतो. मन दर क्षणीं मोडतें आणि पुन्हां जुळवावें लागतें. शरीर बसून असलें तरी हे श्रमच आहेत. आजचे कित्येक कवि या यंत्रास राक्षस म्हणून मर्ढेकरांचा कित्ता गिरवितात. तें आम्हांस पटत नाहीं. राक्षस दाराबाहेर असतो. हें यंत्र आपण होऊन उशाशीं घेतों.

"मन आवरा" हा उपदेशहि अपुरा आहे. सर्व जागे असतां एकट्यानें डोळे मिटले, तर आपणच मागें पडूं ही धास्ती राहते. सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांवानें हें मर्म ओळखलें. मुलांचें अभ्यासांतून लक्ष उडालेलें पाहून गांवानें ऑगस्ट २०२२ मध्यें प्रघात घातला कीं, सायंकाळीं ७ वाजतां देवळावरील भोंगा वाजावा आणि दीड तास घरोघरचे मोबाइल व टीव्ही बंद राहावेत. कारखान्यांत जो कामास बोलावी, तोच भोंगा येथें विसाव्यास बोलावूं लागला. अभंगहि दहाजणांनीं मिळूनच म्हणावयाचा असतो. मर्ढेकरांनीं त्याचें वळण घेतलें; त्याची संगत मात्र त्यांच्या एकाकी माणसास लाभली नाहीं, हें आमच्या मतें त्या काव्याचें उणें आहे.

विद्यार्थ्यास आम्हीं इतकेंच सांगितलें, "वडिलांची पाळी सुटते, तुझी सुटत नाहीं." पण ती सोडविणें त्याच्या एकट्याच्या हातीं नाहीं. घरांत दिवेलागणीचा एक तास सर्वांनीं पाळावा, आणि आरंभ वडीलधाऱ्यांनीं करावा. असें लिहितांना आमचाहि मोबाइल शेजारींच चालू आहे, हें कबूल केलें पाहिजे.