शोक व सांत्वन, मराठी कथेतील

शोक व सांत्वन, मराठी कथेतील : मृत्यू, पोरकेपणा, दारिद्र्य व नात्यांतील दुरावा यांमुळे कुटुंबात निर्माण होणारे दुःख आणि त्यावरील दिलासा हा मराठी कथेचा एक महत्त्वाचा आशय होय. यांपैकी दुःख बहुधा घटनेतूनच प्रतीत होते. सांत्वनाच्या चित्रणात मात्र लेखकाच्या जीवनदृष्टीची कसोटी लागते. चेखव्हच्या १८८६ मधील एका प्रसिद्ध कथेतील गाडीवानाला आपला पुत्रशोक ऐकून घेणारा माणूस भेटत नाही. अखेर तो घोड्याजवळ मन मोकळे करतो. सांत्वनासाठी ऐकणारा लागतो, हे सत्य येथे उपदेशावाचून व्यक्त झाले आहे.

वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) यांचे १९३८ नंतरचे वास्तव्य कोल्हापूरला होते. त्यांच्या कथेत त्याग, ध्येयवाद व माणुसकी यांवरील श्रद्धा दुःखिताला आधार देते. हा आधार अनेकदा सुभाषितवजा वाक्यांतून येत असल्याने पात्राचा शोक पुरता उमटण्याआधीच त्याचे तात्पर्य निघते. तथापि आघात सोसलेल्या वाचकांच्या पिढ्यांना या कथांनी धीर दिला, ही गोष्ट समीक्षेने क्षुल्लक मानू नये.

जी. ए. कुलकर्णी (१९२३–८७) यांनी असा दिलासा जवळजवळ नाकारला. ‘कैरी’ या कथेत पोरक्या मुलाला मावशीची माया लाभते. पण ती माया देणारी मावशी स्वतःच्या संसारात होरपळत असते. तिच्या मायेने नियती बदलत नाही. तरीही त्या मायेचे मोल कमी होत नाही.

बाबूराव बागूल (१९३०–२००८) यांच्या ‘आई’ या कथेत विधवा आई व मुलगा यांच्यातील दुरावा लोकनिंदेने वाढतो. घर सोडून निघालेल्या मुलामागे धावू पाहणाऱ्या आईला मुकादमाच्या मिठीतून सुटता येत नाही. घरातील जखमेचे मूळ घराबाहेरच्या विषमतेत असल्याने केवळ ममतेने ती भरून येत नाही. कागलचे आनंद यादव (१९३५–२०१६) यांच्या झोंबी (१९८७) या आत्मचरित्रात्मक कादंबरीतही हेच दिसते : मुलाच्या शिक्षणाच्या आड येणारा बाप हा कुळाने जमीन कसणारा, परिस्थितीने पिचलेला माणूस आहे. जयंत पवार (१९६०–२०२१) यांच्या कथांत गिरण्यांच्या अस्ताबरोबर विस्कटलेली मुंबईतील कामगारांची घरे येतात.

या प्रवासात सांत्वन विचारांकडून कृतीकडे आणि घरातून समाजाकडे सरकले. त्यातून एक धोकाही उद्भवला : दिलासा खोटा वाटू लागला, की दुःखच तेवढे खरे, असा समज रूढ होतो. शोकाला पुरता अवकाश देऊन नंतरच एखाद्या हाताचा स्पर्श दाखविणारी कथा हे दोन्ही दोष टाळते. शोकाला निरोप देण्याची घाई न करता त्याच्या सोबतीला बसणे, हेच कथेला शक्य असलेले प्रामाणिक सांत्वन होय.