टपालाला न चालणारी तिकिटं

आलापल्लीत शिक्क्याचं मोल सांगायला नको. वनखात्याच्या हातोड्याचा ठसा नसेल तर सागाचा ओंडका नाक्यावर अडतो. आज पाहतोय ती टीबी सीलं मात्र पत्राला तसूभर पुढे नेत नाहीत. १९०४ साली डेन्मार्कमधल्या आयनार होल्बोल या टपाल कर्मचाऱ्याची ही कल्पना: नाताळच्या पत्रावर नेहमीच्या तिकिटाशेजारी आणखी एक चिकटवायचं, पैसे क्षयाच्या रुग्णांसाठी. आपल्याकडे भारतीय क्षयरोग संघ ही सीलं काढत आला.

आमची तक्रार आम्हा संग्राहकांवरच आहे. कोरी शीट आम्ही जपतो, आणि पाकिटावरचं सील पाण्यात भिजवून सोडवतो. मग हातात उरतं काय? चित्र! अहो, ज्या दुखण्याचं नाव घरात दबक्या आवाजात घ्यायचे, त्याचं चिन्ह कुणीतरी पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना दिसेल असं उघड लावलं, तेही सक्ती नसताना. कुठून, कधी, कुणाला, हे पाकीटच सांगतं. नुसतं सील मुकं.

तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत असं पाकीट सापडलं तर भिजवू नका. आहे तसंच घेऊन या, पत्रासकट.