रिकाम्या चॅनेलची सरासरी: एका पेपरचं वाचन

संशोधन पेपरच्या सारांशात उद्गारचिन्ह क्वचितच सापडतं. गौरांग नाईक, सुदेश सिंघल, अनिमेष कुमार आणि अभय करंदीकर या आयआयटी मुंबईच्या मंडळींच्या २०१४ च्या पेपरमध्ये ते आहे. दूरदर्शनच्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ पट्ट्यात सरासरी १०० मेगाहर्ट्झहून जास्त जागा रिकामी आहे, हे सांगताना ते आलंय. उत्तर विभाग सोडून देशाच्या चार विभागांचा हा हिशोब.

पट्टा १२० मेगाहर्ट्झचा, म्हणजे ८ मेगाहर्ट्झचे १५ चॅनेल. त्यातलं इतकं पडून असेल, तर उद्गार निघणारच!

पेपरची ताकद आधी बघू. उत्तर दोन वेगळ्या पद्धतींनी काढलंय, त्यातली एक अमेरिकी नियमांची. दोन्हींनी १०० च्या वरच येतं. शिवाय चॅनेल नव्याने वाटले तर दूरदर्शनचं तेव्हा होतं तेवढं प्रसारण फक्त ४ चॅनेलमध्ये, म्हणजे ३२ मेगाहर्ट्झमध्ये बसतं, असंही दाखवलंय. इथे नवखा वाचक १२० मधून ३२ वजा करतो, ८८ येतात आणि तो गोंधळतो. पण ३२ हा चारही विभागांना मिळून लागणारा आकडा आहे. एकाच चॅनेलचा दूरदूरच्या केंद्रांवर पुन्हा वापर होतो. एका ठिकाणी मात्र तेव्हा एखादंच केंद्र पोचायचं, कुठे तर एकही नाही. दोन आकडे, दोन वेगळे प्रश्न.

आता माझी तक्रार. ही सरासरी क्षेत्रफळावर काढलेली आहे. म्हणजे चांदोलीच्या जंगलातला एक चौरस किलोमीटर आणि शिराळ्याच्या बाजारपेठेतला एक, दोघांचं वजन सारखंच. इंटरनेट तर माणसांना हवंय. लोकसंख्येनुसार सरासरी काढली असती तर निष्कर्ष कदाचित फार बदलला नसता, पण 'कदाचित' हा शब्द उडाला असता.

दुसरा मुद्दा डोंगराचा. वारणेच्या खोऱ्यात डोंगराआड ठेवलेल्या यंत्राला टीव्हीचा सिग्नल ऐकूच येणार नाही. ते चॅनेल रिकामं समजेल, बोलायला लागेल आणि वर पठारावरच्या टीव्हीत व्यत्यय येईल. म्हणून नुसतं ऐकून भागत नाही. कुठल्या जागी कुठलं चॅनेल मोकळं, याची नोंदवही लागते. ती बनवताना देशभराची सरासरी कामाची नाही, त्या खोऱ्याचा नकाशा लागतो.

तिसरा मुद्दा सगळ्यात मोठा. रिकामं असणं वेगळं आणि वापरायला मिळणं वेगळं. मोकळ्या जागेत, अँटेना सारख्या धरल्या तर, ५०० मेगाहर्ट्झवर सिग्नलची घट ५.८ गिगाहर्ट्झपेक्षा सुमारे २१ डेसिबलने कमी असते. झाडीतूनही ही लहर बरी जाते. आयआयटी मुंबईने पालघर जिल्ह्यातल्या गावांत टीव्ही पट्ट्याचा प्रत्यक्ष प्रयोग केला. तरी पुढे त्यांच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पात ५.८ गिगाहर्ट्झचाही आधार घेतला गेला. तो पट्टा विनापरवाना वापरता येतो. भौतिकशास्त्राने एक दार दाखवलं, नियमांनी दुसरं उघडं ठेवलं.

तर पेपर जरूर वाचा, मोजणी नीट शिकाल. फक्त प्रत्येक सरासरीपाशी थांबून विचारा: कशावर काढली, आणि तिच्यात आपलं गाव कुठे बसतं? शिराळ्याहून चांदोलीकडे जाताना फोनची रेंज येते-जाते, तेव्हा मला हाच प्रश्न पडतो. डोक्यावरची हवा रिकामी आहे, आणि हातातला फोनही रिकामाच.