राजा, प्यादे आणि दरबाराची रीत

एखाद्या ग्रंथाचे परीक्षण करावे तसे खेळाच्या नियमांचे परीक्षण आपण सहसा करीत नाही. वास्तविक पटावरचा जुना खेळ म्हणजे त्या त्या दरबाराचे नीतिशास्त्रच असते. कोणाला मारावे, कोणाला राखावे, कोणाला किती चढू द्यावे, हे सारे त्यात सांगितलेले असते. या दृष्टीने आपले देशी बुद्धिबळ जपानच्या शोगीशेजारी ठेवून पाहणे मला उद्बोधक वाटते.

शोगी हे बुद्धिबळाचेच जपानी भावंड. तोकुगावा इएयासू याने १६१२ साली या खेळातील प्रमुखास तनखा बांधून दिला. पुढे शोगीची तीन घराणी वंशपरंपरेने चालली आणि शोगुनच्या किल्ल्यात दरवर्षी त्यांचे डाव होऊ लागले. पटावर घरे ८१, प्रत्येक पक्षाची मोहरी २०, आणि सर्व एकाच रंगाची! टोक कोणाकडे वळले आहे यावरून पक्ष ओळखायचा. कारण येथे मारलेले मोहरे मरत नाही. जिंकणारा ते आपल्या बाजूने पुन्हा पटावर उतरवतो. शत्रूचा सरदार फोडून आपल्या चाकरीस ठेवावा, ही सरंजामशाहीची रोकडी रीत. मात्र हातातले प्यादे उतरवून त्याच चालीने राजाला मात करण्यास सक्त मनाई आहे.

आपल्याकडची रीत निराळी. गावोगाव नियमांत थोडा फरक असे. पण प्याद्याने केलेली मात अधिक मानाची, हा देशी खेळाचा विशेष. प्रतिपक्षाची सर्व मोहरी मारून राजा एकटा पाडला तर डाव 'बुर्जी' ठरे, पूर्ण जिंकल्याचे समाधान मिळत नसे. म्हणजे हरणाऱ्यालाही काही राखून ठेवूनच हरवायचे! यात मला जुन्या दरबाराची खानदानी दिसते.

परंतु कौतुकाबरोबर दोषही पाहिला पाहिजे. देशी खेळात प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की ते ज्या मोहऱ्याचे घर, तेच मोहरे होई. घोड्याच्या घरी घोडा, हत्तीच्या घरी हत्ती. राजाच्या घरी पोहोचले तरी फार तर वजीर. ओळ बदलायची तर वाटेत कोणाला तरी मारावेच लागे. मातेचा मान प्याद्याला, पण बढती मात्र ओळ पाहून! त्या समाजाचे याहून प्रामाणिक चित्र एखाद्या बखरीतही क्वचितच सापडेल.

हे चित्र पुसट का झाले? दुसऱ्या बाजीरावाच्या काळी त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी संस्कृतात 'विलासमणिमंजरी' रचली. तिचे इंग्रजी रूप मुंबईत १८१४ साली छापले गेले, ते युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेले. दरबार मोडण्याआधीच त्याच्या खेळाने परक्याचा पोशाख चढवला होता. म्हैसूरला मुम्मडी कृष्णराज वडेयर (१७९४–१८६८) यांनी मात्र खेळांचा ध्यास घेतला. ६४ घरांतून घोडा एकदाच फिरवण्याची कोडी त्यांनी सोडवली आणि पटांवरील खेळ ग्रंथबद्ध करविले. जे लिहिले गेले तेच टिकले.

आज आमच्या शाळांतून मुले आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळतात, आणि ते योग्यच आहे. जगाशी खेळायचे तर जगाचे नियम हवेत. पण बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात मराठी घरात 'बुद्धिबळ' आणि शेजारच्या कानडी घरात 'चदुरंग' म्हणून जो एकच पट मांडला जातो, त्याचे जुने नियम ज्या आजोबांना आठवतात ते किती दिवस सांगतील? शोगीला घराणी होती, आपल्याला निदान एक वही हवी. या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर पट मांडा, बुर्जी कशी होते ते विचारा आणि लिहून घ्या. मराठीत लिहा, कानडीत लिहा. घोडा दोन्ही भाषांत अडीच घरेच चालतो.