वच्छोमी रीतीची गाडी

राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न वत्सगुल्मात लागतं. वत्सगुल्म म्हणजे आमचं वाशीम. याच नगरावरून वैदर्भी या काव्यरीतीला प्राकृतात ‘वच्छोमी’ हे नाव पडलं. लांबलचक समास नाहीत, वर्ण मऊ, अर्थ सहज उमगणारा, अशी ही रीत. मला ती पोथीआधी वाशीमच्या फलाटावर भेटली, पूर्णा-खंडवा छोट्या लाईनीच्या रूपात.

दोन रुळांत अंतर एक मीटर. ब्रॉडगेजचं 1.676 मीटर. एवढ्याशा रुंदीमुळे ही लाईन आखूड वळणं घेऊ शके, म्हणून जमिनीशी तिचं भांडण कमी. हिंगोली, कान्हेरगाव नाका, वाशीम, जऊळका, बार्शीटाकळी: छोट्या छोट्या पदांसारखी स्टेशनं, मधे पऱ्हाटी आणि तुरीची शेतं. याच रुळांवरून मीनाक्षी एक्सप्रेस दक्षिणेतून राजस्थानाकडे जायची, पण मला ओढ असायची ती अकोल्याकडून खंडव्याला निघालेल्या पॅसेंजरची. तिला घाई नसे, त्यामुळे बघणाऱ्यालाही नसे.

अकोटपर्यंत काळी माती. मग वान रोड येतं, डोंगर जवळ सरकतात आणि साग सुरू होतो. मेळघाटच्या या सागावर इंग्रजी अमलापासून कुऱ्हाड चालली. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले जंगलाचे तुकडे, पडायचे; तोडीच्या कामाला कोरकू माणसं असायची. गाडीतून मात्र झाडंच दिसत. उन्हाळ्यात निष्पर्ण, खराट्यासारखी. पाऊस पडला की सुपाएवढी पानं थेट खिडकीशी.

आणि धूळघाट. साऱ्या रचनेचा जीव इथे होता. चढ सरळ घेतला तर इंजिनाला पेलणार नाही, म्हणून आखणी करणाऱ्यांनी रुळांना डोंगराभोवती पूर्ण फेरा दिला. चढणारी गाडी आधी पुलाखालून जायची, वळत वळत उंची मिळवायची आणि त्याच पुलावरून पुढे निघायची. आधी येऊन गेलेलं पद पुन्हा यावं आणि या खेपेला त्याचा अर्थ वरच्या पायरीवरून कळावा, तसं हे. यमक म्हणावं तर यमक, पण अलंकार म्हणून चिकटवलेलं नव्हे. चढाची गरज होती म्हणून आलेलं. म्हणूनच ते मला इतकं सुंदर वाटतं. खिडक्यांशी तेव्हा सगळा डबा गोळा व्हायचा. खाली रूळ दिसले की कुणीतरी बोलायचंच, “हे पाह्य ना, आताच तर इथून आलो आपण!”

अकोला-पूर्णा 2008 मध्ये ब्रॉडगेज झालं. वाशीमला मोठ्या गाड्या येऊ लागल्या, दूरची शहरं जवळ आली. त्याचा आनंदच आहे. खंडव्याकडची बाजू 2017 च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी बंद झाली. मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून रुंद रूळ न्यायचे की नाही यावर बराच वाद झाला आणि अखेर नवा मार्ग जंगलाला वळसा घालून न्यायचं ठरलं. मला ते पटतं. मोठ्या, वेगवान गाड्यांनी ते जंगल चिरलेलं मला बघवलं नसतं. पण धूळघाटचा फेरा या वळशात कायमचा बाहेर राहिला, याचं दुःख होतं.

आजही वाशीमहून अकोल्याला जाताना बार्शीटाकळी मागे पडली की माझा हात आपोआप खिडकीच्या गजाकडे जातो. पुढे डोंगर आहे, हे त्याला अजून पाठ आहे.